तालुक्याच्या गावाला नियोजनकार हवा आहे

नगर नियोजन शिकलेली किंवा शिकू पाहणारी विदर्भातली मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुण्या-मुंबईला न जाता यात काम मिळेल का? मिळेल. आणि मी तर म्हणेन, तुमची गरज जितकी कोरचीला, जिवतीला किंवा झरी जामणीला आहे तितकी पुण्याला नाही. तिथं एका प्रभागावर दहा अभ्यास झालेले असतात. आपल्याकडे कितीतरी गावांच्या नाल्या कुठून कुठं वाहतात हेही कुणी एका कागदावर मांडलेलं नसतं.

२०१४-१५ च्या सुमारास राज्य सरकारनं तालुका मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती केलं. कुरखेडा, एटापल्ली, सडक अर्जुनी, लाखांदूर, समुद्रपूर, मारेगाव, धारणी ही सगळी गावं कागदावर शहरं झाली. १७ प्रभाग आले, मुख्याधिकारी आले, बांधकाम परवानगीला शहराचे नियम लागू झाले. पण अंगणात तणसीचे ढीग, दाराशी बैलबंडी आणि घरामागं सांदवाडी तशीच राहिली. गावासारखं जगणाऱ्या वस्तीला शहराचा कायदा लावायचा तर मधे कुणीतरी बसून दोन्हीचा मेळ घालावा लागतो. त्या माणसाचं काम म्हणजे हे करिअर. ते कसं सुरू करावं, ते मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

कायद्याची एवढी ओळख आधी करून घ्या

सगळा कायदा पाठ करायची गरज नाही, पण कुठल्या गोष्टीला कुठला कायदा हे माहीत हवं. ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानं चालतो, नगरपंचायत आणि नगरपरिषदेचा १९६५ च्या अधिनियमानं. विकास योजना, म्हणजे ज्याला लोक 'डीपी' म्हणतात, ती १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियमाखाली होते. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी २९ आणि नागरी संस्थांसाठी १८ विषयांच्या याद्या घटनेत आल्या. त्या दोन याद्या शेजारी ठेवून वाचा. तुमच्या गावाला काय करायचा अधिकार आहे आणि प्रत्यक्षात तो कुणाच्या हातात आहे, हा फरक तिथंच दिसायला लागतो.

गडचिरोलीत किंवा मेळघाटात काम करणार असाल तर १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा वाचल्याशिवाय गावात पाय ठेवू नका. तिथं ग्रामसभेला जे अधिकार आहेत ते बाहेरून आलेल्या अभ्यासकाला ठाऊक नसतील तर त्याची पहिलीच सूचना चुकते.

शिक्षण

बारावीनंतर थेट नियोजनाची पदवी घेता येते. त्यासाठी जेईई मेनचा नियोजनाचा पेपर द्यावा लागतो. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याची योजना व वास्तुकला विद्यालयं या विषयासाठी ओळखली जातात, आणि विदर्भातल्या बहुतेक मुलांना भोपाळ जवळचं. पदव्युत्तर शिक्षणाला वास्तुकला किंवा सिव्हिलची मुलं येतात, काही संस्था भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राच्या मुलांनाही घेतात. गेट परीक्षेतून प्रवेश होतो, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत नगर नियोजनाचा अभ्यासक्रम आहे. घरी राहून शिकायची सोय असेल तर ही संधी सोडू नका.

पण पदवी नसेल म्हणून मागं फिरू नका. माझ्यासोबत उत्तम काम केलेल्यांत एक समाजकार्याची पदवीधर होती, एक आयटीआयचा सर्व्हेअर. नकाशा काढणं सहा महिन्यांत शिकता येतं. म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी खाटेवर बसून तासभर ऐकून घेणं ज्याला येत नाही, त्याला मात्र ते शिकवायला फार वेळ लागतो.

एकच गाव धरा, आणि प्रश्न त्या गावाकडून घ्या

सुरुवातीला पाच गावं घेऊ नका. एक घ्या, आणि निदान वर्षभर धरून ठेवा. प्रश्न तुम्ही घरून ठरवून नेऊ नका. नगरपंचायतीत जा, तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा की कोणत्या कामाच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात. मग ज्या प्रभागातून त्या येतात तिथं जा. दोन्हीकडून एकच गोष्ट ऐकू आली तर तो तुमचा विषय.

वेळही पाहून जा. धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत घरी कुणी सापडत नाही. यवतमाळकडे कापूस वेचणी सुरू झाली की बायाबापड्या दिवस बुडेपर्यंत वावरात असतात. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असला की पहाटेच सगळं घर जंगलात. अशा दिवसांत दुपारी बारा वाजता प्रश्नावली घेऊन फिरलात तर फक्त घरी बसलेल्या पुरुषांचं गाव तुमच्या कागदावर उतरतं. हे मी एकदा केलं आहे. पाण्याच्या प्रश्नावरची आमची पहिली पाहणी अशीच झाली होती, आणि पाणी भरणाऱ्या बायांपैकी जवळजवळ कुणाशीच आमचं बोलणं झालं नव्हतं. पूर्ण पाहणी पुन्हा करावी लागली.

दप्तर वाचायला शिका

नवीन मुलं लगेच ड्रोन आणि नकाशांकडे धावतात. माझं म्हणणं आहे, आधी कपाटातलं दप्तर. गावाबद्दलची निम्मी माहिती तिथं आधीपासून पडून आहे, फक्त ती जोडून कुणी वाचलेली नाही.

ग्रामपंचायतीत १ ते ३३ नमुने असतात. त्यातला नमुना ८ म्हणजे करआकारणीची नोंदवही. कुणाचं घर, केवढं, कच्चं की पक्कं, सगळं त्यात असतं. नमुना ९ म्हणजे कराची मागणी. ही दोन रजिस्टरं शेजारी ठेवली की गावाचा पैसा कुठं अडला आहे ते कळतं. नगरपंचायतीत मालमत्ता कराचं रजिस्टर, सभेचं इतिवृत्त आणि ठराव पाहा. इतिवृत्त नीट वाचलं तर कळतं की एकच नाली दर दोन वर्षांनी मंजूर होते. असं का, हा प्रश्न म्हणजे तुमचं संशोधन.

जमिनीसाठी तलाठ्याकडे सातबारा, भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा आणि आखीव पत्रिका. आणि विदर्भात काम करताना आणखी दोन कागद आवर्जून मागा, जे पश्चिम महाराष्ट्रातून शिकून आलेल्यांना बहुधा ऐकूनही माहीत नसतात: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांचा उल्लेख आहे. गावाच्या पडीत जमिनीवर चराईचा, सरपणाचा, मसणवटीचा हक्क कुणाचा, हे निस्तार पत्रकात असतं. पाण्याची, वाटेची, मासेमारीची जुनी वहिवाट वाजिब-उल-अर्जमध्ये. मालगुजारीच्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या जमीनदारीच्या काळापासून चालत आलेल्या या नोंदी आहेत. कागद जीर्ण असतो, अक्षर मोडीसारखं गिचमिड असतं, पण ज्या जागेवर आज तुम्ही बगीचा सुचवणार आहात तिथं शंभर वर्षं गायरान होतं हे त्यातूनच कळतं.

तसंच झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत हा शब्द दिसला की थांबा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमिनीच मानल्या, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जागांसाठी वेगळा मार्ग सांगितला. एका गावात घनकचऱ्यासाठी जागा निवडली, कुंपणाचं अंदाजपत्रकही झालं, आणि नंतर सातबाऱ्यावर झुडपी जंगल निघालं. दीड वर्ष वाया गेलं. सातबारा पहिल्या दिवशी पाहिला असता तर हा प्रश्नच आला नसता.

कागद कसे मिळवायचे? माहिती अधिकार आहेच, अर्जाला १० रुपये आणि उत्तराला ३० दिवस. पण छोट्या कार्यालयात तो शेवटी वापरा. आधी साधं पत्र द्या, कॉलेजचं किंवा संस्थेचं. सांगा की तुम्ही कुणाची चूक काढायला आलेला नाही. आणि दिलेला शब्द पाळा. जे रजिस्टर घेऊन बसलात ते संध्याकाळी होतं तिथंच ठेवा. हे बारीक वाटेल, पण तीन माणसांत सहा माणसांचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनात तुमची जागा त्यावरूनच ठरते.

मग मोजा

'आधी पाहणी, मग आराखडा' हा स्कॉटलंडचे नगर नियोजनकार पॅट्रिक गेडिस यांचा आग्रह होता. ते १९१४ नंतर भारतातल्या कितीतरी शहरांतून पायी फिरले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. शंभर वर्षांनीही याहून चांगला सल्ला मला देता येत नाही. फक्त मोजण्यासाठी महागडं साधन लागतं असं समजू नका.

धानपट्ट्यातल्या एका नगरपंचायतीत टोकाच्या प्रभागाला पाणी येत नव्हतं. मागणी एकच होती, नवी टाकी द्या. आम्ही चौघं १५ लिटरची एक बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन निघालो. प्रत्येक दहाव्या नळाखाली बादली लावायची आणि भरायला किती वेळ लागतो ते लिहायचं. टाकीजवळच्या नळाला ती मिनिटाच्या आत भरली. टोकाला सहा मिनिटं झाली तरी बादली अर्धीच होती. तिथं एक आजी दारात बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "काहून मोजून रायले जी? मोजल्यानं पानी येते का?" मी म्हटलं, "आजी, कुठं अडते ते तरी कळंन." त्या म्हणाल्या, "मंग पानी सोडणाऱ्याले विचारा ना. त्याले सारं मालूम हाये."

तसंच निघालं. पाणी सोडणाऱ्या काकांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी होती, घामानं कडा विरघळलेली. त्यात रोज कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, किती आटे फिरवला, हे त्यांनी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं. एक व्हॉल्व्ह अर्ध्यावरच अडकतो, हेही. ती डायरी आजवर कुणी मागितलीच नव्हती. आम्ही त्यांच्या वेळा आणि आमच्या बादल्या एका नकाशावर मांडल्या. दिसलं असं की उतारावरची आणि चढावरची लाइन एकाच वेळी सुटत होती, त्यामुळे खालचा भाग सगळं पाणी ओढून घेत होता. दोन पाळ्या वेगळ्या केल्या, अडकलेला व्हॉल्व्ह बदलला. टाकीची मागणी अजून आहे आणि ती रास्तही आहे. पण टोकाच्या घरांना त्याच महिन्यात पाणी दिसलं. नकाशाच्या खाली आम्ही काकांचं नाव आमच्या नावांच्या आधी लिहिलं. तुम्हीही हे करत जा. माहिती ज्याची, त्याचं नाव वर.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिका. गुगल अर्थ आणि इस्रोचं भुवन हे उपग्रह नकाशांचं संकेतस्थळ हाताशी ठेवा. उपग्रहाच्या माहितीचं राज्याचं केंद्र, एमआरसॅक, नागपुरातच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. गावाजवळची विहीर कोणती ते विचारून जुने आकडे मागा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर या आकड्यांबरोबर पाण्याची खारटाई पाहिल्याशिवाय 'बोअर मारा' असं लिहूच नका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे असाल तर पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन मामा तलावाच्या येव्यानं चालत जा. माजी मालगुजारी तलावांत पाणी आणणाऱ्या वाटांवर कुठं ले-आउट पडला, कुठं रस्त्याखाली मोरीच टाकली नाही, हे त्या दिवशी जसं दिसतं तसं कोणत्याही उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही.

आकडे आधी गावाला दाखवा

अहवाल साहेबांकडे जाण्याआधी चावडीवर गेला पाहिजे. मोठ्या कागदावर नकाशा काढा, भिंतीला लावा आणि लोकांच्या हातात स्केचपेन द्या. ते चुका दाखवतील. त्या चुका हीच तुमची खरी तपासणी.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्यांना माहीत आहे ते २००९ साली मिळालेल्या सामूहिक वनहक्कासाठी, सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा. पण मला तिथली त्याहून मोठी गोष्ट वाटते ती अभ्यास गटाची. गावातले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं तिथल्या लोकांनी एक शिस्त पाळली: अभ्यास गटात प्रश्नाचा कीस काढायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, पण निर्णय तिथं करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. संशोधक म्हणून तुमची जागा कुठली, ते यातून कळतं. तुम्ही अभ्यास गटातले. ग्रामसभेत तुम्ही ऐकणारे.

'खेड्यात कसलं संशोधन' असं कुणी म्हणालं तर गडचिरोलीचंच दुसरं उदाहरण द्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं नवजात बाळांच्या मृत्यूंवर केलेलं काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ती पद्धत पुढं आशाताईंच्या कामातून देशभर गेली.

तारखा चुकवू नका

माझ्या पहिल्या अभ्यासाचा अहवाल ८० पानांचा होता, इंग्रजीत, आणि मी तो एप्रिलमध्ये दिला. अंदाजपत्रक आधीच मंजूर झालेलं होतं. तो कुणी उघडला नाही, आणि त्यात दोष त्यांचा नव्हता.

नगरपंचायतीचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतं. म्हणजे तुमचं टिपण डिसेंबरमध्ये टेबलावर हवं. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. राज्यात हा आराखडा 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं चालतो. ग्रामसभा वर्षातून निदान चार, आणि त्याआधी महिलांची ग्रामसभा. महिला सभेत मांडलेला विषय मोठ्या सभेत टिकतो, असा माझा अनुभव आहे. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते.

पैसा कोणत्या खात्यातून येऊ शकतो हे टिपणात लिहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २६ या काळातल्या निधीत ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. नाल्यांची सूचना मोकळ्या निधीतून मागितली आणि रस्त्याशी तिची चढाओढ लावली, तर रस्ता जिंकतो. तीच बांधलेल्या निधीत बसवली तर काम होतं.

विकास योजना तयार होत असेल तर आणखी बारीक लक्ष ठेवा. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांची मुदत फार थोडी असते. जिथं योजना जुनी आहे, तिथं एक सोपा पण फार उपयोगाचा अभ्यास करता येतो: आरक्षणांची, म्हणजे योजनेत शाळा, मैदान, रस्ता अशा कामांसाठी राखून ठेवलेल्या जागांची यादी करा, प्रत्येक जागेवर जा, फोटो घ्या, किती विकसित झाली ते लिहा. १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. शाळेचं मैदान असं गेलं की परत मिळत नाही. ही यादी वेळेत मुख्याधिकाऱ्यांच्या हातात देणारा विद्यार्थीसुद्धा गावाचं मैदान वाचवू शकतो.

टिपण दोन पानांचं, मराठीत, एका नकाशासह. पहिल्याच परिच्छेदात काय करायचं, कुठं आणि साधारण किती खर्चात. बाकीचं सगळं परिशिष्टात.

नोकरीचे दरवाजे

सरकारी वाट एमपीएससीची. नगर रचना विभागात सहायक नगर रचनाकार आणि त्यावरची पदं नियोजनाच्या मुलांसाठी आहेत. राज्यसेवेतून मुख्याधिकारी किंवा गटविकास अधिकारी होता येतं, आणि संशोधन समजणारा मुख्याधिकारी मिळणं हे छोट्या गावाचं भाग्य असतं. जाहिराती नियमित येत नाहीत, म्हणून केवळ त्यावर विसंबून चार वर्षं खोलीत कोंडून घेऊ नका. अभ्यासाबरोबर गाव चालू ठेवा.

कंत्राटी कामं बरीच असतात. स्वच्छ भारत अभियानात शहर समन्वयक, घरकुल योजनेच्या तांत्रिक कक्षात तज्ज्ञ. पगार बेताचा आणि मुदत वर्षा-वर्षानं वाढणारी, पण कार्यालय आतून पाहायला याहून चांगली शाळा नाही. २१ ते २६ वयात असाल तर मुख्यमंत्री फेलोशिपच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. नागपूरभोवतीच्या सातशेहून अधिक गावांचं नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे, तिथं खासगी सल्लागार संस्थांमार्फतही काम निघतं. वनहक्काच्या गावांत व्यवस्थापन आराखडे करणाऱ्या संस्थांना नकाशा आणि माणूस दोन्ही समजणारी मुलं हवीच असतात.

कुठंही अर्ज करताना प्रमाणपत्रांच्या वर तीन कागद लावा: तुमचं दोन पानांचं टिपण, त्याचा नकाशा, आणि त्यावर नगरपंचायतीनं किंवा ग्रामसभेनं केलेल्या ठरावाची प्रत. ठराव झाला नसेल तर सभेच्या इतिवृत्तातलं ते पान, जिथं तुमच्या विषयावर चर्चा झाली. मी मुलाखती घेतो तेव्हा हे पान आधी उलगडतो.